कमरीपेठेतील साजाची खोली

मिरजेहून निघालेली गाडी बेळगाव, लोंढा, अळणावर, धारवाड अशी स्थानके मागे टाकीत हुबळीत शिरते, तेव्हा प्रवाशास प्रथम दर्शन घडते ते एका न संपणाऱ्या फलाटाचे. १,५०७ मीटर लांबीचा हा फलाट मार्च २०२३ मध्ये समारंभपूर्वक खुला झाला आणि जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून गाजला. हातात वळकटी आणि काखेत मूल घेऊन तो चालून जाणाऱ्यास या मानाचा अभिमान कितपत वाटत असेल, हा प्रश्न निराळा! सदर्न मराठा रेल्वे १८८२ मध्ये स्थापन झाली, तिचा कारखाना येथे उभा राहिला आणि कापसाच्या पेठेचे हे गाव रेल्वेचे गाव झाले. सरकारदरबारी २०१४ पासून त्याचे नाव हुबळ्ळी असे लिहिले जाते; आम्हां मराठी घरांतून मात्र ते अद्याप हुबळीच आहे.

आमच्या आधीच्या पिढीतील मंडळी या स्थानकाबाहेर उतरली की टांगा करीत. आता रिक्षा करावी लागते. टांगा गेला, पण या भागातून घोडा अजून सर्वस्वी गेलेला नाही. आणि तो पाहावयाचा तर जुन्या वस्तीत, कमरीपेठ, दाजीबानपेठ, दुर्गदबैल या बाजूस पायी हिंडले पाहिजे.

या भूमीस घोड्यांच्या टापा नव्या नाहीत. १६७३ साली शिवछत्रपतींच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली, त्यात इंग्रजांची वखारही सुटली नाही. पुढे पेशवाईचा अंमल आला व १८१७ मध्ये तो संपला. फौजा गेल्या, शब्द राहिले. येथील कानडी माणूस आजही लगामास ‘लगामु’ म्हणतो. आपल्या मराठीत तर घोड्याच्या पाठीवरचे सामान म्हणींत आणि वाक्प्रचारांत जाऊन बसले आहे. खोगिरात वाटेल ते कोंबतात म्हणून निरुपयोगी भरणीस आपण खोगीरभरती म्हणतो. बारगीर आणि शिलेदार हा भेदही मुळात सामानाचाच. ज्याला घोडा व साज सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा नि स्वतःचे हत्यार घेऊन येई तो शिलेदार. साज कोणाच्या मालकीचा आणि तो कोठे ठेवला जातो, यावर माणसाची प्रतिष्ठा ठरण्याचे ते दिवस होते.

कमरीपेठ ही तशी अरुंद गल्ल्यांची पेठ. रेशमी विणकामाचा वारसा सांगणाऱ्या सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची येथे व शेजारच्या पेठांत मोठी वस्ती आहे. त्यांची घरची बोली मराठी कानाला अर्धी कळते, अर्धी हुलकावणी देते. एका ओट्यावर ती बोली, समोरच्या दुकानात कानडी, कोपऱ्यावर उर्दू आणि मधूनच आपली बेळगावी हेल काढणारी मराठी, असा चार भाषांचा बाजार सायंकाळी भरतो. गिरमिटाच्या गाडीपाशी उभे राहून चुरमुरे आणि मिरचीची भजी खाणाऱ्यांत कोण कोणत्या घरचा, हे ओळखणे कठीण जाते. कोणास ते ओळखण्याची निकडही नसते.

२०२४ च्या आषाढात आम्ही तेथे गेलो ते एका स्नेह्यांच्या आग्रहावरून. पेठेच्या मागल्या अंगास त्यांच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. आजोबांच्या हयातीत टांगे होते. ते थांबले तेव्हा घोडे विकून न टाकता या मंडळींनी लग्नाच्या वरातीचा धंदा धरला. आज त्यांच्याकडे दोन पांढऱ्या घोड्या आहेत. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की पुढे ज्येष्ठापर्यंत त्यांना उसंत नसते आणि चातुर्मासात काम नसते. ती रिकामी वेळ साधून जुनी, गळकी पडवी पाडून तेथे साजाची पक्की खोली बांधण्याचे त्यांनी मनावर घेतले होते. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हावयाचा होता. वीज कोठून न्यावी आणि प्लग किती व कोठे बसवावेत, एवढाच प्रश्न उरला होता. आणि आमचे निम्मे आयुष्य विजेच्या कामात गेले असल्यामुळे तो आमच्यापुढे आला.

वाचकहो, साजाची खोली ही वस्तू आता फार थोड्यांनी पाहिलेली असेल, म्हणून दोन शब्द. पडवीतून काढून तात्पुरत्या छपराखाली ठेवलेले ते सामान पाहताना आम्हांस जुन्या वाड्यातील माजघराची आठवण झाली. खुंट्यांवर लगाम, तंग, रिकिबी. आडव्या वाशावर पालथी घातलेली दोन खोगिरे. पेटीत जरीच्या झुली, गोंड्यांच्या माळा, कपाळावरचे तुरे. कोपऱ्यात खरारा, तोबरे, अगाडी-पिछाडीचे दोर, चंदीचा डबा. टांग्याचे दोन पितळी दिवेही होते. त्यांत गेल्या कित्येक वर्षांत वात पेटलेली नाही, तरी ते घासून लख्ख ठेवलेले होते. कातडे, एरंडेल, घाम आणि हरभऱ्याची चंदी यांचा मिळून एक वास तेथे असतो. ज्याला तो आवडत नाही त्याने घोडा पाळू नये.

“साहेब, दोन प्लग बास झाले ना?” असे घरच्या थोरल्या मुलाने विचारले. वायरमनही दोनच धरून आला होता. त्यावर म्हातारे आजोबा, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, ते एवढेच म्हणाले, “प्लगाचं मागनं बघा. आधी त्या थोरलीचं पाण्याचं काय झालं ते ह्यांना सांगा की.”

मग ती हकीकत निघाली. उन्हाळ्यात थोरल्या घोडीने पाणी टाकले. अंगणात लोखंडी हौद आहे. त्यापाशी ती जाई, तोंड खाली नेई आणि ठिणगी लागल्यासारखे झटकन मागे घेई. प्लास्टिकच्या बादलीतून मात्र पीत असे. घरातल्या बायकांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, एका जाणत्याने दात पाहिले, दुसऱ्याने पोटात जंत सांगितले. कोडे सुटले ते नालबंदामुळे. नाल ठोकण्यास आला असता त्याच्या ध्यानात आले की, पाण्याची मोटार चालू असली तरच घोडी बिचकते. बंद असली की हौदातूनही पिते! मोटारीच्या अंगात वीज उतरत होती आणि लोखंडी नळातून ती हौदापर्यंत येत होती. मोटारीला जमिनीशी जोडणारी तार कधी काळी होती. ती तुटून किती दिवस झाले, हे कोणासच ठाऊक नव्हते. घरच्या माणसांनी तर त्या हौदात रोज हात घातला होता. त्यांच्या पायांत रबरी चपला होत्या. कोणास कधी मुंग्या आल्या असतील तर त्या मानल्या गेल्या नाहीत.

अण्णांनी ही गोष्ट आधी सांगावयास लावली, यातच सर्व आले. साजाची खोली दिसावयास माणसांची खोली असते. तीत खुर्ची असते, आरसा असतो, चहाचे पातेले असते, म्हणून आपण तिचा विचार स्वयंपाकघरासारखा करू लागतो. परंतु तिच्या उंबऱ्याबाहेर चार हातांवर जे जनावर उभे असते, त्याचा देह निराळा असतो. आपण दोन पायांवर, बहुधा कोरड्या जागी, पादत्राण घालून उभे राहतो. घोडी चार पायांवर, लोखंडी नाल ठोकून, मुताने व पाण्याने भिजलेल्या जमिनीवर उभी असते. ओल्या जमिनीत वीज झिरपली तर जागोजाग तिचा दाब कमी-अधिक होतो. आपली दोन पावले जवळजवळ असतात, म्हणून तो फरक आपणांस जाणवत नाही. घोडीचे पुढले व मागले पाय यांत चांगले तीन-चार हातांचे अंतर असते आणि त्यांच्या मधोमध असते तिचे काळीज.

याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण आहे. १२ फेब्रुवारी २०११ रोजी इंग्लंडमधील न्यूबरी येथील शर्यतीच्या मैदानात, पहिल्या शर्यतीपूर्वी घोडे फिरवावयाच्या हिरवळीवर, ‘फेनिक्स टू’ आणि ‘मार्चिंग साँग’ हे दोन घोडे हजारो लोकांच्या देखत कोसळून मेले. आणखीही घोडे लडखडले. त्यांना धरून चालणाऱ्या माणसांना घोड्यास हात लावताच झिणझिण्या आल्या, याहून अधिक काही झाले नाही. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की हिरवळीखाली पुरलेली विजेची एक जुनी केबल खराब होऊन तिच्यातून वीज जमिनीत गळत होती. त्याच गवतावर, त्याच क्षणी, माणूस उभा राहिला आणि घोडा पडला. न्यूबरीचे वैभव कोठे आणि कमरीपेठेतले हे मागले अंगण कोठे! पण ओल्या मातीला पेठ कळत नाही.

तेव्हा आम्ही प्लगांची संख्या बाजूस ठेवली आणि घरच्या मंडळींस विचारले की, या खोलीत सकाळपासून रात्रीपर्यंत आणि मृगापासून शिमग्यापर्यंत कोण काय करतो, ते सांगा. दुपारभर हेच चालले. धाकटी सून मध्ये चहा देऊन गेली आणि जाता जाता सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच बोलून गेली: “थंडीत घोडीचं पाणी कोमट करायला मामंजी बादलीत रॉड घालतात, ते तेवढं बंद करा.”

बादलीत सोडावयाचा पाणी तापवण्याचा रॉड आपल्या घरोघरी असतो, म्हणून त्याचे भय मोडले आहे. त्याचे वेष्टण चिरले की बादलीतले पाणीच विजेची तार होते. ती बादली फरशीवर, फरशी ओली, शेजारी बांधलेली घोडी तहानेने तोंड पुढे करते. यापेक्षा वाईट मांडणी मुद्दाम करू म्हटले तरी जमणार नाही. रॉड काढून भिंतीवर उंच एक लहान गीझर बसवावा आणि त्याचे पाणी नळाने बादलीत यावे, असे ठरले. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, त्याची स्वतंत्र वायर. दुकानदार त्याला अजून पंधराचा म्हणतात आणि लहानाला पाचाचा. नव्या मानकात ते १६ आणि ६ झाले, तरी जिभेवरचे आकडे जात नाहीत.

दुसरा मोठा प्लग चंदी शिजवण्याच्या व चहाच्या शेगडीसाठी. २३० व्होल्टांवर १६ अँपिअर म्हणजे साडेतीन हजार वॉटांहून थोडे अधिक होतात, हे खरे. तरी भारतीय मानकाप्रमाणे अशा एका जोडणीवर तीन हजार वॉटांचाच भार धरावा आणि दोनाहून अधिक मोठे प्लग देऊ नयेत. आम्ही तर गीझर व शेगडी यांची जोडणीच निराळी केली. हिवाळ्याच्या पहाटे, वरातीच्या दिवशी, दोन्ही एकदम लागणारच.

लहान प्लगांच्या बाबतीत मात्र आम्ही सढळ हात ठेवला. याचे वायरमनास नवल वाटले. त्याचे म्हणणे, जनावरांच्या जागी वीज जितकी कमी तितकी बरी. ते गोठ्याला खरे आहे. साजाच्या खोलीला नाही. खोलीत प्लग कमी पडला की माणूस काम सोडून देत नाही, लांब वायर आणतो. ती वायर उंबऱ्यावरून, पेंढ्यातून, घोडीच्या पायांतून जाते. तिच्यावर खूर पडतो, तिला उंदीर कुरतडतो. घोड्यांच्या ठिकाणी विजेचे जे अपघात होतात, त्यांचे मूळ पुष्कळदा या जमिनीवर लोळणाऱ्या वायरीत असते. म्हणून खोलीत सहा लहान प्लग, सर्व छातीच्या उंचीवर, झाकणाचे. घोड्या बांधतात त्या भागात एकही नाही. आणि पेंढा-कडब्याच्या कोठीत तर बटणसुद्धा नाही. कोठीचा दिवा बाहेरून लागावा आणि तो काचेच्या बंद हंडीत असावा.

आयाळ व शेपूट नीट करण्याचे यंत्र मुलाने नवे आणले होते. ते विजेवर चालवावयाचे तर वायर घोडीपर्यंत जाणार. त्यावर तोड एकच, बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे आणि ते खोलीत चार्ज करून बाहेर न्यावे. मुलाने थोडी कुरकुर केली, कारण पैसे नुकतेच घातले होते. परंतु अण्णांनी नुसते हौदाकडे पाहिले आणि तो विषय संपला.

बुरशीचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. धारवाड-हुबळी म्हणजे मलनाडाची कड. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की पंधरा दिवस हात न लावलेल्या खोगिरावर हिरवट लव चढते. जुना उपाय म्हणजे पेटीत शंभराचा दिवा जळत ठेवणे. कातडे त्याने कोरडे होते आणि तडकतेही. आणि जरीची झूल त्या दिव्यावर सरकली तर सांगावयासच नको. कातड्याला ऊब नको असते, वारा हवा असतो. म्हणून छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा, त्याच्यासाठी वरच एक पॉइंट आणि घड्याळाचे बटण, म्हणजे तो दिवसातून काही तास आपोआप फिरेल. समोरच्या भिंतीत खाली जाळीची खिडकी. खुंट्या भिंतीपासून चार बोटे पुढे. उरलेले काम एरंडेल आणि माणसाचा हात यांचे.

आता वरातीचे दिवे. पूर्वी डोक्यावर बत्त्या घेऊन माणसे चालत. आता बॅटरीवर पेटणाऱ्या रंगीत छत्र्या असतात, आणि घोडीच्या साजातही बारीक दिवे गुंफतात. त्या जड बॅटऱ्या वराती आटोपून मध्यरात्री घरी येत आणि साजाच्या पेटीशेजारी चार्जिंगला लावून मंडळी झोपी जात. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. बंद खोली, वर जरी आणि कापड, भिंतीपलीकडे कडबा आणि दोन बांधलेल्या घोड्या. ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. त्यांच्यासाठी बाहेरच्या भिंतीत, वळचणीखाली, जाळीच्या दाराचा एक कोनाडा करावयाचा ठरला. आत दगडी फळी, दोन प्लग आणि ठराविक वेळाने बंद होणारे बटण.

मुख्य बटण खोलीच्या आत नको, असा आमचा आग्रह होता. आग आत लागली तर बटणापर्यंत जाणार कोण? ते बाहेर, दारालगत, अंधारातही हाताला सापडेल असे. त्याच पेटीत ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक बटण, ज्याला बाजारात आर. सी. सी. बी. म्हणतात, ते सर्व प्लगांसाठी. एवढीशी वीज वाट चुकून जमिनीकडे वळली तरी ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत प्रवाह तोडते. पाण्याच्या मोटारीची जोडणी वेगळी आणि तिलाही तसेच स्वतंत्र बटण. घोडीला बिचकून आपणांस सांगावे लागू नये, एवढी व्यवस्था त्याने होते.

पण हे बटण म्हणजे सर्वस्व नव्हे. त्याच्या मागे चांगले अर्थिंग पाहिजे. आणि हुबळीच्या काळ्या जमिनीत अर्थिंगची एक खोड आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि ओली असेतो विजेला उत्तम वाट देते. चैत्र-वैशाखात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पुरलेल्या नळाची व मातीची गाठ सुटते. म्हणजे ज्या दिवसांत लगीनसराई ऐन भरात, त्याच दिवसांत रक्षण कमी! थोरलीने पाणी टाकले तेही उन्हाळ्यातच, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. अडीच मीटरचा जस्ती नळ, भोवती कोळसा व मीठ, वर झाकण आणि उन्हाळ्यात दर आठवड्यास त्यात दोन घागरी पाणी, हे काम धाकट्या सुनेने आपणहून अंगावर घेतले. शिवाय हौद, नळ, दावणीचे लोखंडी गज, छपराचे पत्रे आणि नव्या फरशीखालची सळ्यांची जाळी ही सर्व एकाच तारेने एकमेकांस व त्या अर्थिंगला जोडावयाची. सारे लोखंड एकाच दाबावर राहिले, तर घोडीचे तोंड हौदाला आणि पाय फरशीला लागले तरी दोहोंत फरक राहत नाही, आणि फरक नाही तर धक्का नाही.

वायरी भिंतीत गाडाव्यात की वरून न्याव्यात, यावर थोडा वाद झाला. गाडलेल्या देखण्या दिसतात. परंतु घोड्यांच्या जागी मुताचा उग्र वाफारा तांब्या-पितळेला खातो, उंदीर वायरीचे वेष्टण खातात, आणि गिलाव्याआडचे कोणास दिसत नाही. म्हणून जाड प्लास्टिकच्या नळीतून, भिंतीवरून, वरच्या अंगाने. लोखंडी नळी घेऊ नये, ती तेथे गंजते. दर दिवाळीत एकदा झाकणे उघडून पाहावे.

सायंकाळी पाऊस उघडला तेव्हा वायरमनाने खडू घेतला आणि आमच्यासमक्ष भिंतीवर एकेक चौकट काढीत गेला. धाकटी घोडी दारातून मान आत घालून पाहत होती. तिची मान कोठवर पोहोचते तेही आम्ही मोजून घेतले आणि दारालगतची एक चौकट हातभर आत सरकवली. सर्व झाल्यावर अण्णा उठले, पूर्वेकडच्या भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, “इथं माझ्या रेडिओचं राहिलं की.” वायरमन म्हणाला, “मामा, नळीची वाट पलीकडून आहे. इथं आणायची तर खोगिराच्या वाशावरून वाकडी न्यावी लागंल.” अण्णांनी क्षणभर विचार केला आणि खोगिराचा वासाच दोन हात डावीकडे घ्यावयास सांगितला. मग वायरमनाच्या हातातला खडू घेऊन त्यांनी तेथे स्वतः चौकट काढली, आणि तिच्याशेजारी, थोडी वर, टांग्याच्या दोन दिव्यांसाठी दोन खुंट्यांच्या फुल्या.